दोन रिंगनंतर थांबणारा फोन

वसुधाताई, तुझी बातमी मीच केली. आतल्या पानावर, एक कॉलमी. नाव, वय, शिक्षण, नोकरी, मागे वडील. डेस्कवरच्या मुलाने ‘दूरसंचार क्षेत्रात भरीव कामगिरी’ असं घातलं होतं, ते मी काढलं. भरीव म्हणजे काय, असं विचारल्यावर त्याला सांगता आलं नाही, आणि मला ते चार ओळींत सांगता येत नव्हतं. बातमीत चूक एकही नाही. तरी छापून आल्यावर वाचली तेव्हा ती दुसऱ्याच कोणाची तरी वाटली. म्हणून हे लिहितोय. तू वाचलं असतंस तर आधी तांत्रिक चुका काढल्या असत्यास, त्यामुळे जपून लिहितो.

मानपाडा रोडवरच्या आपल्या बिल्डिंगमध्ये पहिला फोन तुमच्याकडे आला, तेव्हा मी शाळेत होतो आणि तू इंजिनिअरिंगला होतीस. तुझ्या वडिलांनी, नानांनी, नंबर लावून इतकी वर्षं झाली होती की वायरमन दारात उभा राहिला तेव्हा तुझ्या आईने त्याला वीजबिलाचा माणूस समजून उद्या यायला सांगितलं. मग तो काळा फोन बसला, त्याच्यावर क्रोशाचं झाकण आलं, आणि आठवडाभरात नानांनी खूण ठरवली. फोर्टातल्या ऑफिसातून निघताना ते घरचा नंबर फिरवणार, दोन रिंग देणार आणि ठेवून देणार. घरी कोणी उचलायचा नाही. दोन रिंग म्हणजे निघालो. तुझी आई त्या हिशेबाने भात टाकायची.

ही सोय बिल्डिंगला इतकी आवडली की माझ्या बाबांनी तीन रिंग घेतल्या आणि वरच्या मजल्यावरच्या देशपांडेकाकांनी चार. पाचवी वाजली तर तो खरा फोन, मगच उचलायचा. संध्याकाळी तुमच्या घरात फोन वाजायचा आणि सगळे हात मांडीवर ठेवून मोजत बसायचे. बाहेरून आलेल्या पाहुण्याने सवयीने हात पुढे केला की तू त्याचा हात धरायचीस. मग जिन्यात येऊन खाली ओरडायचीस, “काकू, काका निघाले गं.” आमच्या स्वयंपाकघरात स्टोव्ह पेटायचा.

एक दिवस तीन रिंग आल्या, तू ओरडलीस, आईने भात टाकला आणि बाबा आले नाहीत. बऱ्याच उशिराने फोन पुन्हा वाजला आणि वाजतच राहिला. बाबांच्या ऑफिसातला माणूस ठाण्याच्या हॉस्पिटलमधून बोलत होता. बाबा जिन्यावरून घसरले होते, पाय मोडला होता. त्याने आधीही लावला होता, पण तिसऱ्या रिंगनंतर लाइन आपोआप तुटली. म्हणजे बाबा तिकडे स्ट्रेचरवर होते आणि आम्ही इकडे ताटं मांडून निवांत बसलो होतो.

कोणी कोणाला दोष दिला नाही. नाना मात्र फार खजील झाले आणि म्हणाले की हे रिंगचं खूळ आजपासून बंद. तू दारात उभी होतीस. तू म्हणालीस, “नाना, खूण चुकली नाही. तार एकच आहे. तिच्यातून आवाजही येतो आणि खूणही येते, आणि कुठलं काय ते तारेला कळत नाही.”

मला त्यातलं काहीही समजलं नव्हतं. बाबांच्या प्लॅस्टरवर सही करायला मिळेल का, हा माझ्यापुढचा प्रश्न होता. पण वाक्य लक्षात राहिलं, कारण नाना त्यावर म्हणाले, “मग तारेला शिकव.”

पुढे तू तेच केलंस. बातमीत मी ‘मानपाडा औद्योगिक वसाहतीतील एका कंपनीत वरिष्ठ अभियंता’ एवढंच लिहिलं आहे. तुमची कंपनी आधी टेलिफोन एक्स्चेंजचे भाग बनवायची आणि मोबाईल आल्यावर त्याच्या यंत्रणेचे बनवू लागली. मला तेव्हा ऑफिसने पेजर दिला होता आणि मी स्वतःला फार पुढारलेला समजत होतो. मोबाईलवर लेख करायचा म्हणून मी एका रविवारी वही घेऊन तुझ्याकडे आलो. तू चहा दिलास आणि नाव छापायचं नाही या अटीवर सांगायला लागलीस.

हवेतली एक लहर. तिच्यावर एकाच वेळी अनेक जण बोलतात, कसे? प्रत्येक क्षणाचे आठ बारीक तुकडे करतात. एक तुकडा यंत्रणा स्वतःच्या कामाला ठेवते, उरलेले सात सात जणांना. प्रत्येकाला त्याचा तुकडा मिळतो, मग इतरांची पाळी होते, मग पुन्हा त्याचा तुकडा. हे इतक्या वेगाने चालतं की बोलणाऱ्याला आपण सलग बोलतोय असंच वाटतं. “म्हणजे तू बोलत असतोस त्यातला बहुतेक वेळ तू लाइनवर नसतोसच,” तू म्हणालीस. मी लिहायचा थांबलो. मी काही उपमा द्यायला गेलो तेव्हा तू हात आडवा केलास. “उपमा नको, अवि. आहे तसं लिही. आहे ते पुरेसं आहे.” गेल्या काही वर्षांत मला कोणत्याही संपादकाने याहून चांगली सूचना दिलेली नाही.

त्याच दिवशी आपलं भांडण सुरू झालं, ते संपलेलं नाही. मोबाईलवरून पुढे फक्त आवाज जाणार नाही, मजकूर जाईल, आकडे जातील, कॉम्प्युटर एकमेकांशी बोलतील, असं तू सांगत होतीस. पण तुकडे तेवढेच. मग आवाजाला किती द्यायचे आणि डेटाला किती? मोबाईलवाले म्हणत, मधे भिंत घाला. इतके यांचे, इतके त्यांचे. तू म्हणत होतीस, भिंतीच्या एका बाजूला रांग लागेल आणि दुसऱ्या बाजूला जागा रिकामी पडेल. भिंत हलती हवी. आवाज आला की डेटाने बाजूला व्हायचं, आवाज गेला की पुढे यायचं.

मी म्हटलं, आवाज आधी हे बरोबर, पण मग डेटाला कशाला लाडावून ठेवता? कोणी अँब्युलन्सला फोन लावतंय आणि कोणाचं पत्र मधे आलंय, हे मी छापलं तर लोक तुम्हाला मारतील.

“आधी कोण ते विचारू नकोस. कोणाला थांबता येतं ते विचार. बोलणाऱ्याला थांबता येत नाही, शब्द उशिरा पोचला तर तो शब्द राहत नाही. पत्राला थांबता येतं. पण थांबवणं वेगळं आणि हाकलून देणं वेगळं.”

मी म्हटलं, उशिरा पोचलेली बातमी ही बातमीच नसते. तू हसलीस. म्हणालीस, “हे कोण बोलतंय? संध्याकाळी जाहिरात आली की तुम्ही बातमी उचलून उद्यावर टाकता. परवा आमच्या पाण्याची टाकली होतीत.” वही मिटून मी दुसरा चहा मागितला.

मग नानांना अर्धांगवायू झाला. उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. समज पूर्ण शाबूत. तुझी आई त्याआधीच गेली होती. तू नोकरी सोडशील असं बिल्डिंगला वाटलं. तू बटणांचा फोन आणलास, त्याच्या एका बटणात तुझ्या टेबलावरचा नंबर भरलास आणि तो नानांच्या डाव्या हाताशी ठेवलास. माझी आई खालून दिवसातून दोन-तीनदा डोकावून जायची. बाकी नाना आणि ते बटण. जेवण झालं की दोन रिंग, म्हणजे ठीक आहे. वाजतच राहिला, तर ये.

तुझ्या लॅबमध्ये सुरुवातीला काय गोंधळ झाला ते तू आईला रंगवून सांगायचीस. फोन वाजला की कोणीतरी धावत येऊन उचलायचं, हॅलो हॅलो करायचं, पलीकडून काहीच नाही. घरी नाना घाबरायचे की आता हा कोण. शेवटी तू फोनवर चिठ्ठी डकवलीस: दोन रिंग होईपर्यंत हात लावू नये. तेव्हापासून शिकलेसवरलेले इंजिनिअर रोज दुपारी एका वाजत्या फोनकडे हात बांधून बघत उभे राहायला लागले. कँटीनचा म्हात्रे तर हातातला ट्रे तसाच धरून थांबायचा.

गेल्या वर्षीच्या त्या चाचणीला तू मला बोलावलंस. लिहायचं नाही, फक्त बघायचं. मोबाईल कंपनीचे मोठे साहेब येणार होते. त्यांना पटलं तर तुझी पद्धत पुढे जाणार, नाही तर तुमचा विभागच बंद होणार होता, हे मला तुझ्या सहकाऱ्यांकडून आधीच कळलं होतं. तू वेगळंच सांगितलंस. नानांना चार दिवस ताप होता, आदल्या दिवशी उतरला होता. त्यांच्या उशाशी टेलिफोनऐवजी लॅबची एक डबी ठेवली होती. तिचं बटण दाबलं की खूण हवेतून लॅबच्या गच्चीवरच्या अँटेनाला येणार होती, डेटा म्हणून. घर जवळ होतं म्हणून हे जमत होतं. “खोटा डेटा मी हवा तेवढा टाकीन. पण ज्याची वाट बघावीशी वाटते असा एक तरी खरा हवा,” तू म्हणालीस. आणि मग हळूच, “वेळेवर नाही आली ना, तर मी सरळ घरी निघणार आहे. साहेब बसलेले असोत नाही तर उभे.”

चाचणी अशी होती. कर्मचाऱ्यांच्या हातात मोबाईल, त्यांच्याशी बोलायला पलीकडच्या खोलीत टेबलफोनवर दुसरे कर्मचारी. सहा तुकडे आवाजाला, एक तू डेटासाठी राखला होतास. पडद्यावर सात पट्टे, आणि बाजूला एक हिरवा दिवा, नानांच्या खुणेचा. सगळं नीट चाललं. साहेबांनी थोडा वेळ पाहिलं आणि म्हणाले की राखीव जागा काढा. गिऱ्हाईक बोलायला पैसे देतं, सातही आवाजाला द्या, मग बघू तुमचा डेटा कुठून जातो ते.

तू माझ्याकडे पाहिलंस, मग घड्याळाकडे. आणि जागा काढलीस.

सातवा मोबाईल म्हात्रेच्या हातात आला. पट्टे भरले. तुझं म्हणणं असं होतं की माणूस बोलताना मधेमधे थांबतो, तेवढ्यापुरता त्याचा तुकडा रिकामा जातो, आणि यंत्रणेला ते ओळखता आलं तर त्या फटीतून डेटा काढता येतो. बोलणाऱ्याला पत्ताही लागत नाही, तो पुन्हा बोलू लागला की जागा त्याची. पण पट्ट्यांमध्ये फट दिसतच नव्हती. नानांच्या जेवणाची वेळ झाली, टळली. दिवा लागला नाही. साहेब खुर्चीत मागे टेकले. तू पर्स उचललीस.

मग तू थांबलीस आणि त्या माणसांकडे पाहिलंस. मीही पाहिलं. साहेबांच्या मदतनिसाने बोलणाऱ्यांना बजावलं होतं की लाइन भरलेली हवी, अजिबात थांबायचं नाही. त्यामुळे हिशेब खात्यातले सावंत माझ्याच पेपरातल्या छोट्या जाहिराती श्वास न घेता वाचत होते. एक बाई स्तोत्र म्हणत होत्या. म्हात्रे बाजारातल्या मासळीची नावं पुन्हा पुन्हा घेत होता आणि घामाघूम झाला होता. तुला पाहून तो म्हणाला, “म्याडम, मना आता बोलाला काय नाय रायलं.” पलीकडच्या खोलीतही तेच चाललं होतं. सगळे बोलत होते आणि कोणाचंही कोणी ऐकत नव्हतं.

“हे पारायण चाललंय,” तू म्हणालीस. आवाज चढवला नाहीस. “याला बोलणं म्हणत नाहीत. एकमेकांना काहीतरी विचारा. आणि समोरचा सांगायला लागला की ऐका.”

क्षणभर सगळे गोंधळले. मग म्हात्रेने फोन नीट कानाला लावला आणि पलीकडच्या स्टोअरच्या लताबाईंना विचारलं, “काय गं लता, तुज्या पोराचा दहावीचा काय झाला?” आणि तो गप्प बसला. लताबाईंचा मुलगा गणितात राहिला होता. त्या सांगत होत्या, आणि म्हात्रे फोन दोन्ही हातांनी धरून, मान खाली घालून ऐकत होता. पडद्यावर त्याचा पट्टा फिका झाला.

हिरवा दिवा लागला. विझला. पुन्हा लागला. दोनदा, नानांच्या सवयीने.

मी आजवर पुष्कळ मोठ्या गोष्टींच्या बातम्या केल्या आहेत. पुलांची उद्घाटनं केली आहेत, निवडणुका केल्या आहेत. त्या खोलीत काय झालं ते लिहायला मला अजून भाषा सापडत नाही, म्हणून तू सांगितलंस तसं, आहे तसं लिहितो. एक माणूस दुसऱ्याचं दुःख ऐकण्यासाठी गप्प बसला, आणि त्याच्या गप्प बसण्याच्या आतून, त्याला कळूही न देता, ज्याची वाचा गेली आहे अशा तिसऱ्या माणसाचा निरोप त्याच्या मुलीपर्यंत आला. म्हात्रेचा शब्द हरवला नाही. लताबाईंचा हुंदका तुटला नाही. सगळे तिथेच होते, एकाच लहरीवर. साहेबसुद्धा उभे राहिले होते, ते का उभे राहिले हे त्यांनाही माहीत नसावं.

तू पर्स खाली ठेवलीस आणि साहेबांना पुढचा भाग समजावू लागलीस.

संध्याकाळी मानपाडा रोडच्या गाडीवर आपण वडापाव खाल्ला. साहेबांना पद्धत पटली होती. इतकी पटली की राखीव जागेची आता गरजच नाही असं त्यांनी ठरवून टाकलं होतं. मला वाटलं तू जिंकलीस. तू नाखूश होतीस. “लोक एकमेकांचं ऐकतील या भरवशावर यंत्र उभं करायचं नसतं, अवि. एक जागा राखून ठेवायलाच हवी.” मी म्हटलं, फोन दुसऱ्या कुठल्या भरवशावर उभा आहे? एकाने बोलायचं, दुसऱ्याने ऐकायचं. तू मिरचीचा देठ माझ्या कागदात टाकलास. “तू बातमीदार. तुला वाक्य चांगलं झालं की पुरतं. मला सणाच्या दिवशी काय होईल ते बघायचं असतं. त्या दिवशी सगळेच बोलतात.”

पुढच्या बैठकीत तू राखीव जागेसाठी भांडणार होतीस. बैठका पुढे पुढे जात राहिल्या. मी दर भेटीत तुला छेडायचो, तू दर भेटीत नवा मुद्दा काढायचीस. गेल्या महिन्यात घोडबंदर रोडला माझ्या नव्या जागेत तू आलीस, तेव्हा म्हणालीस की आता मला असा मुद्दा सापडलाय की तू गप्पच बसशील, पण तो सांगायला वेळ लागेल, पुढच्या रविवारी. तो रविवार आला नाही. तो मुद्दा काय होता, हे मी तुझ्या सहकाऱ्यांना विचारलं. कोणालाच माहीत नाही. मी रोज एकदा तरी तो शोधतो, तुझ्या बाजूने विचार करून. अजून सापडलेला नाही.

लॅबमध्ये बोलता बोलता तू खाली बसलीस. मेंदूतली रक्तवाहिनी, असं डॉक्टर म्हणाले. म्हात्रे आणि बाकीच्यांनी तुला कल्याणला नेलं. मी पोचलो तेव्हा तुझे डोळे मिटलेले होते आणि बाजूला यंत्राच्या पडद्यावर एक रेघ चालली होती. बोलून उपयोग नाही असं नर्सने सांगितलं. मी तुझ्या हातावर बोटाने दोनदा टकटक केली आणि बाहेर आलो. दुसऱ्या दिवशी तू गेलीस.

नानांना मी सांगितलं. त्यांना सगळं कळलं. त्यांनी डावा हात उचलून माझ्या तोंडासमोर धरला, आता पुरे, असा. अंत्यसंस्काराच्या वेळी ते खुर्चीत ताठ बसून होते.

दिवस झाल्यावर मी तुझ्या वस्तू आणायला लॅबमध्ये गेलो. चाचणीची यंत्रणा काढून खोक्यांत भरलेली होती. तुझ्या टेबलावर फोन तसाच होता, चिठ्ठीसकट. म्हात्रे चहा घेऊन आला. आणि फोन वाजला.

सगळे जागच्या जागी थांबले. दुसरी रिंग झाली. मग शांत. कोणी हात लावला नव्हता. तुझ्या शेजारी बसणारा मुलगा हळूच म्हणाला की रोज येतो. तू गेल्याच्या तिसऱ्या दिवसापासून. टेबल दुसऱ्याला द्यायचं आहे, पण कंपनीत कोणाला तो फोन काढायला सांगवत नाही. म्हात्रे म्हणाला, “म्याडमचे बाबा सांगतान का मी ठीक हाय. आता आम्ही ऐकताव.”

मी तुमच्या घरी येऊन नानांसमोर बसलो. त्यांना विचारलं की त्या बटणात माझ्या ऑफिसचा नंबर घालू का. त्यांनी डाव्या हाताने फोन माझ्याकडे सरकवला.

आमच्या डेस्कवर फोन एकच आहे आणि तो वाजला की सगळे झडप घालतात, वार्ताहर, जाहिरातवाले, छपाईवाले. दुपारची वेळ सगळ्यात वाईट. मी एवढंच सांगितलं की दुपारी एक फोन येईल, दोन रिंग होईपर्यंत हात लावायचा नाही. का, असं कोणीतरी विचारलं. मी सांगायला लागलो आणि नानांपासून सुरू झालेलं म्हात्रेपर्यंत गेलं. डेस्कवर इतका वेळ कोणी माझं ऐकून घेतल्याचं मला आठवत नाही. शेवटी जाहिरातीचा माणूस म्हणाला, “म्हणजे तेवढ्यापुरता फोन राखीव.”

वसुधाताई, तो तुझा मुद्दा होता का, मला माहीत नाही. पण त्याच्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

काल दुपारी पहिल्यांदा आला. हात पुढे गेले आणि मागे आले. टाइप करणारा थांबला. एक रिंग. दुसरी. मग तिसरी येते का म्हणून आम्ही सगळे त्या फोनकडे बघत राहिलो.

नाही आली. नाना ठीक आहेत.

मी उचलला नाही. उचलायचा नसतो.